मुलगी पाहायला धुळ्याला

मी सुचवलेलं खोटं अगदी छोटं होतं. माझी दाढ दुखते, धुळ्याला दातांचे एक चांगले डॉक्टर आहेत, रविवारी जाऊन दाखवून येतो. बस्स. दाढेबद्दल कोणी खोलात शिरत नाही. फार तर सासूबाई लवंग देतात आणि विषय संपतो. गुरुवारी मी नवऱ्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं होतं, शाळेतल्या पोराकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं.

शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी सहज विचारलं, "रविवारे कुठे चालनात रे तुम्ही?"

नवऱ्याच्या तोंडात भाकरी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, ताटातल्या वांग्याच्या भरताकडे पाहिलं आणि म्हणाला, "मुलगी पाहायला."

आता ही मुलगी कुठून आली ते देवाला ठाऊक. नंतर विचारलं तर म्हणाला, "घाबरलो गं. तोंडातून निघून गेलं." दाढ म्हणायचं होतं त्या तोंडातून मुलगी निघाली! मी कपाळावर हात मारणार होते, पण हात भरताने भरला होता.

आमच्या घरात हे वाक्य म्हणजे काय, ते सांगायला हवं. चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव, आणि आमच्या केळीच्या बागा. घरात आबा म्हणजे माझे सासरे, सासूबाई, आम्ही दोघं आणि माझा दीर. दीर बत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी, कामाला वाघ. पण शेती करतो. आणि हल्ली शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची म्हटलं की मुलीकडच्यांना एकदम दुसरं काहीतरी काम आठवतं. सहा ठिकाणांहून नकार आला होता. सातव्या ठिकाणी तर मुलीच्या बापाने दिराशी तासभर केळीच्या भावावर गप्पा मारल्या, आमची रोपं कुठून आणतो ते लिहून घेतलं आणि मुलगी चाकणच्या कंपनीतल्या मुलाला दिली.

म्हणजे 'मुलगी पाहायला' हे शब्द उच्चारले आणि सासूबाईंच्या हातातली पळी तशीच वर राहिली. आबांनी भाकरी खाली ठेवली. दीर लाजून उठला आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला. भरलेला तांब्या त्याच्या समोरच होता.

"कोनती पोर? कोनी सांगं?" सासूबाई.

"धुळ्याची आहे. एका मित्राने सांगितली," नवरा म्हणाला. एकदा घसरलेला माणूस घसरतच गेला.

खरी गोष्ट अशी होती. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझं माहेर जळगावचं, वडील दालमिलमध्ये मुनीम. जळगावात बायकांचे डॉक्टर ढिगाने आहेत, पण तिथे माझ्या दोन मावश्या, चार मामेबहिणी आणि माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या वीसेक बायका कायम कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात कोणाला तरी डबा घेऊन चाललेल्या असतात. रिक्षावालासुद्धा "ताई, आज इकडे कसं?" म्हणून विचारतो. म्हणून धुळं. धुळ्याला मूल न होणाऱ्यांची मोठी डॉक्टर महिन्यातून एकदाच यायची, पहिल्या रविवारी, नाशिकहून.

नवरा मुळात तयारच नव्हता. वाईट माणूस नाही तो. मला कधी एका शब्दाने बोलला नाही. पण डॉक्टर म्हटलं की त्याचं एकच, "होईल गं, घाई काय आहे." सात वर्षं घाई नव्हती! शेवटी दिवाळीनंतर मी एक दिवस रडले. मी भांडते पुष्कळ, पण रडत नाही, त्यामुळे तो घाबरला. म्हणाला, "बरं. एकदा येईन. एकदाच. परत परत म्हणायचं नाही."

म्हणजे माझ्याकडे हा एकच रविवार होता. तो वाया गेला की गेला. दुसरा मागायची सोय नव्हती.

शनिवारी संध्याकाळी दीर गावातून केस काळे करून आला. कोणी लावलं देव जाणे, दोन्ही कानांच्या पाळ्याही काळ्या झाल्या होत्या. रविवारी पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून जीपपाशी उभा.

"मी फक्त लांबून बघेन, वहिनी. बाहेर बसून राहीन."

"आधी मोठी माणसं बघतात," मी म्हटलं. "तुम्ही पुढच्या वेळी."

तो हसला, मान हलवली आणि मागे सरला. मला त्या काळ्या कानांकडे बघवेना. एवढ्या साध्या माणसाला आपण फसवतोय म्हणून मला खरंच लाज वाटली, आणि ती लाज मी अमळनेरपर्यंत नवऱ्यावर काढली.

अमळनेरहून धुळ्याला सरळ जाता येतं, पण त्या रस्त्यावर माझ्या नणंदेचं घर. आमची जीप तिला आवाजावरून कळते. म्हणून बेटावद, नरडाणा असा वळसा घालून हायवेला लागलो आणि सोनगीरला चहाला थांबलो. समोर किल्ला, अंगावर थंडीचं कोवळं ऊन, हातात कटिंग. तिथे आम्ही मुलगी तयार करायला बसलो. म्हणजे घरी गेल्यावर सांगायला काही तरी हवं ना! शिक्षण किती, रंग कसा, भाऊ किती, आणि मुख्य म्हणजे नकार कशावरून द्यायचा.

"बी.एस्सी.," नवरा म्हणाला. "एक लहान भाऊ. नाक धारदार."

"नाक कशाला धारदार?"

"असू दे की."

"माझं नाक कसं आहे?"

त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि एवढा वेळ लावला की मी चहा अर्धा टाकून उठले. नसलेल्या मुलीच्या नाकावरून आमचं सोनगीर ते धुळे भांडण चाललं. टोलनाक्यापाशी तह झाला. नाकीडोळी चांगली, पण उंचीला कमी. उंचीवरून नकार द्यायचा. त्यात कोणाचा अपमान नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर, खाली पंपांचं दुकान. वर गेल्या गेल्या समोर भला मोठा फलक: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे. तसाच एक जिन्यात, एक पाणी प्यायच्या जागी, एक टेबलामागे. फलकाखाली एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, अंबाडा असा घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या. त्यांनी आमच्याकडून फॉर्म भरून घेतला. लग्नाला वर्षे किती? सात. अपत्ये? मी रेघ मारली.

"शून्य लिहा," त्या म्हणाल्या.

मी शून्य लिहिलं. ते जरा मोठंच निघालं.

बाकांवर सात-आठ जोडपी होती. सगळ्यांच्या माना खाली. बायका पदराशी खेळत होत्या, पुरुष भिंतीवरचं बाळाचं कॅलेंडर सोडून इतर सगळं बघत होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आमचा नंबर तिसरा. आम्ही कोपऱ्यात बसलो, आणि मी मनात म्हटलं, झालं, पोहोचलो, आता काही होत नाही.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

या फोनची एक कथा आहे. दिवाळीच्या आधी तो ठिबक सिंचनाच्या टाकीत पडला होता. तेव्हापासून तो फक्त स्पीकरवर बोलतो. त्यात आमच्या नवऱ्याचा आवाज दहा एकर केळीच्या बागेतून पलीकडच्या बांधापर्यंत पोहोचायच्या सवयीचा. आणि आई अहिराणीत बोलली तरी तो तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलतो, का ते मला आजवर कळलेलं नाही.

"पोहचनात का?" सासूबाईंचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला.

"हो, पोहोचलो. बसलोय."

"मंग? पोर देखी का?"

"अजून नाही. आत बोलावलं की दिसेल. आमचा नंबर तिसरा आहे."

"तिसरा? पहिला दोन कोन शेतस? ते बी पोरच देखाले येल शेतस का?"

नवऱ्याने समोरच्या दोन जोडप्यांकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "त्यांचंही तेच असेल."

खाली गेलेल्या माना वर यायला लागल्या. मी त्याच्या मांडीला चिमटा काढला. त्याला वाटलं डास आहे.

"मंग आयक," सासूबाई म्हणाल्या. "बठ्ठं आजच उरकी टाक. माले इचारत बसू नको."

"आजच्या आज होईल का ते विचारून बघतो."

"आन आबा म्हनी ऱ्हायनात, कोनले कळाले नको. भाऊबंद टपेलच शेतस."

"कळणार नाही, आई. कोणालाही कळणार नाही."

त्याने लाल बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग फोन झटकला आणि शर्टाच्या खिशात टाकला. वर पाहिलं तर सगळ्या माना आमच्या दिशेला. समोरची एक बाई पदर तोंडाला लावून आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्ही तिच्या घरी दरोडा घालणार आहोत.

टेबलामागच्या बाई उठल्या. आधीच वर असलेल्या भुवया आणखी वर.

"कोण आलंय इथे मुलगी पाहायला?"

आणि माझा नवरा, माझा सरळमार्गी, शाळेत हजेरीला 'उपस्थित' म्हणणारा नवरा, उभा राहिला. "आम्ही," तो म्हणाला.

"हा फलक वाचता येतो का?"

"हो येतो." त्याने मोठ्याने वाचला. पूर्णविरामापर्यंत.

"मग? लाज नाही वाटत? मुलगी असेल तर आजच उरकून टाकायचं म्हणता? चालते व्हा इथून! आणि खरं सांगा, तपासणीवाले आहात का तुम्ही? खोटे पेशंट बनून येता ते?"

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याच्या डोक्यात अजून अंधारच होता.

"नाही हो बाई," तो समजावत म्हणाला. "लग्नासाठी मुलगी."

"फॉर्मवर लिहिलंय तुमच्या लग्नाला सात वर्षं झाली!"

"माझं नाही. भावाचं लग्न."

"भाऊ कुठे आहे?"

"घरी. त्याने कालच केस काळे केलेत."

"आणि या कोण?"

"ही माझी बायको."

"आणि मुलगी?"

"मुलगी नाहीये."

"मग पाहायला काय आलात?"

नवऱ्याचे कान लाल झाले आणि मी पाहिलं, तो जिन्याकडे बघायला लागला होता. बाईंनी आमचा फॉर्म उचलला आणि म्हणाल्या, "मॅडम तुम्हाला बघणार नाहीत. कायद्याची भानगड नको आम्हाला. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात! मला पुढचा महिना नव्हताच. नवरा माझा हात धरून हळूच म्हणाला, "चल, जाऊ दे." त्या 'जाऊ दे'मध्ये मला पुढची सगळी वर्षं दिसली. होईल गं, घाई काय आहे. वीस वर्षं तेच ऐकत म्हातारी झालेली मी दिसले. आणि माझं डोकं फिरलं.

"कुठेही जाणार नाही!" मी ओरडले. माझं तोंड आधी सुटतं आणि डोकं मागून येतं, हे जळगावात सगळ्यांना माहीत आहे, आता धुळ्यालाही कळलं. "कसली मुलगी आणि कसलं काय! आम्हाला मूल होत नाही! सात वर्षं झाली, होत नाही! म्हणून आलोय! घरी सांगायची हिंमत नाही म्हणून याने थाप मारली, दाढ म्हण सांगितलं होतं तर मुलगी म्हणाला! मुलगी असो, मुलगा असो, काही असो, मला एक पोर हवंय! कळलं? आता बघा नाही तर पोलीस बोलवा!"

एवढं बोलून मी खाली बसले आणि रडायला लागले. हे वाक्य मी कधीच मोठ्याने म्हटलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, एकटी असताना भिंतीलासुद्धा नाही. आणि म्हटलं ते कुठे, तर आठ अनोळखी जोडप्यांपुढे, बेंबीच्या देठापासून.

मग समोरची ती पदरवाली बाई उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अहो ताई, इथे बसलेल्या कोणालाच होत नाही. ओरडताय कशाला?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग ती म्हणाली, "आम्ही घरी सांगून आलोय की भाचीचा साखरपुडा आहे. ही बघा पैठणी. सकाळपासून घामाने जीव चाललाय."

"आम्ही बोअरची मोटर दुरुस्तीला आणलीय," पलीकडचा एक माणूस म्हणाला. "खरोखर आणलीय. चांगली चालू मोटर होती. आता काय बिघडवून नेऊ?"

"आम्ही डोळ्यांना," एक जण चष्मा काढत म्हणाला. "हा बिननंबरचा आहे."

मग हॉलभर हशा झाला. मान खाली घालून बसलेली माणसं एकमेकांना आपापल्या थापा सांगायला लागली. आमची सगळ्यात मूर्ख ठरली. टेबलामागच्या बाई आधी कोणाला आवरावं ते न कळून उभ्याच होत्या. मग त्यांनी चष्मा पुसला, आमचा फॉर्म पुन्हा चवडीत घातला आणि मला पाण्याचा ग्लास आणून दिला. "पण तो शब्द इथे काढायचा नाही," त्या दटावून म्हणाल्या. "मुलगी नाही, मुलगा नाही. 'बाळ' म्हणायचं."

डॉक्टर लहानखुऱ्या होत्या. आत शिरलो तेव्हा त्या हसू दाबत होत्या, म्हणजे दार काही फार जाड नसावं. त्यांनी सगळं नीट विचारलं. मला विचारलं, मग नवऱ्याला विचारलं. आपल्यालाही विचारतात हे पाहून तो गडबडला. दोघांच्याही तपासण्या करायच्या, त्या म्हणाल्या, कारण निम्मं-निम्मं काम दोघांचं असतं.

नवऱ्याने टेबलावरची टाचण्यांची डबी उघडली, बंद केली. मग म्हणाला, "माती परीक्षण केलंय मॅडम. पाणी परीक्षण केलंय. पानांचंसुद्धा केलंय. एवढंच राहिलं होतं."

"मग हेही करून टाका," डॉक्टर म्हणाल्या. "आणि रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात या. मग मी सांगेन पुढे काय ते. आत्ता मी तुम्हाला होईल म्हणणार नाही आणि नाही होणार असंही म्हणणार नाही."

मला बरं वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी 'होईल गं' म्हटलं नव्हतं. पण पुढच्या महिन्यात या म्हटल्यावर मी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने खिडकीकडे. त्याच वेळी त्याच्या खिशात फोन टुंई करून बंद पडला. बॅटरी संपली. सकाळीच भरली होती, तरी संपली. आम्ही त्याचा काही विचार केला नाही.

परतीच्या वाटेवर नवरा बोलला नाही. त्याला आवडती शेवभाजी खाऊ घातली, तरी नाही. मीही पुढच्या महिन्याचं काढलं नाही. एकदाच म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. उन्हं कलायच्या आत घरी पोहोचलो.

ओट्यावर तिघं ओळीने बसले होते. आबा खाटेवर, सासूबाई उंबऱ्याशी, दीर पायरीवर. कान अजून काळे. घरातून शिऱ्याचा वास येत होता. सासूबाईंचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाल्या, कांदा चिरला. शिऱ्यात कांदा कधीपासून घालतात, असं मला विचारावंसं वाटलं.

"बसा," आबा म्हणाले. पाणी झालं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "कशी शे पोर?"

मी तयारच होते. "नाकीडोळी चांगली आहे, आबा. शिकलेली आहे. पण उंचीला जरा कमी वाटली."

"कमी?" आबा म्हणाले. "कितली?"

मी नवऱ्याला ढोसलं. त्याने हात पुढे केला आणि आपल्या छातीपाशी धरला. एवढी.

आबांनी हाताकडे पाहिलं. "खाले घे," ते म्हणाले.

नवऱ्याने हात थोडा खाली घेतला.

"आजून खाले."

हात कमरेशी आला. एवढ्या उंचीची मुलगी बी.एस्सी. कशी होईल, असा विचार माझ्या मनात आला. पण आबांच्या तोंडाकडे पाहून मी गप्प राहिले.

"आजून."

नवरा आता वाकला होता. त्याचा हात गुडघ्याच्याही खाली, ओट्यापासून वीतभर वर राहिला. तेव्हा आबांनी मान हलवली.

"हां," ते म्हणाले. "पहिले इतलीच ऱ्हास. मंग वाढस."

मला काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. सासूबाईंनी पदरात तोंड घातलं. "फोन चालू व्हता रे," त्या म्हणाल्या. "तू बंदच नही कया. बठ्ठं आयकं आम्हीन."

सगळं ऐकलं होतं त्यांनी. फलकाचं वाचन, मोटर, पैठणी, माझं ओरडणं. माती परीक्षणसुद्धा. मला वाटलं ओटा दुभंगावा आणि मी आत जावं. सात वर्षं जे या माणसांपासून लपवलं, ते मी त्यांना स्पीकरवर ओरडून सांगितलं होतं. सासूबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझं डोकं छातीशी धरलं. "एकलीच रडी ऱ्हायनी व माय," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा रडले. दिवसात दोनदा. माझ्या लौकिकाचं काही शिल्लक राहिलं नाही.

नवरा अजून तसाच वाकून उभा होता, हात वीतभर उंचीवर. ती उंची सोडायला तयार नव्हता.

दिराने घसा साफ केला. मला सगळ्यात जास्त त्याची भीती होती. "म्हणजे माझी मुलगी नव्हतीच," तो म्हणाला.

"नव्हती, भाऊ," मी म्हटलं. "आमचं चुकलं. खूप चुकलं."

तो कानाची पाळी चोळत बसला. मग म्हणाला, "हे जाता जात नाहीये." आणि थोड्या वेळाने, "परत कधी बोलावलंय?"

मी मान वर केली नाही. नवरा हळूहळू सरळ झाला, हात शर्टाला पुसला आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात. पहिल्या रविवारी. जायचंय आम्हाला."

मी त्याच्याकडे पाहिलं. सोनगीरला माझं जे नाक बघायला त्याला एवढा वेळ लागला होता, ते आता लाल होऊन गळत होतं, तरी तो त्याच्याकडे बघून हसला.

पुढच्या महिन्यात जीप दीर चालवत होता. सासूबाईंनी डबा दिला होता, आणि आम्ही या वेळी सरळ रस्त्याने, नणंदेच्या दारावरून गेलो. वरच्या मजल्यावर बाईंनी आम्हाला लगेच ओळखलं. भुवया वर गेल्या. त्यांनी रजिस्टर ओढलं, आमची नावं लिहिली आणि पेनने दिराकडे दाखवलं.

"हे सोबत कोण? पेशंटचे भाऊ?"

"नाही," दीर म्हणाला. "काका."

"कोणाचे काका?"

"ती अजून यायची आहे."

बाईंनी पेनने मागच्या फलकाकडे खूण केली. "ती-बिती म्हणायचं नाही इथे."

"बरं," तो म्हणाला. "जे येईल त्याचा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग 'सोबत' असं छापलेल्या रकान्यात त्यांनी लिहून घेतलं: काका.